मंद्रूपला पाठ झालेला नंबर

विरुपाक्ष कोनापुरे यानं दाराला कुलूप लावलं, मोटारसायकल काढली, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून वळून परत आला आणि कुलूप ओढून बघितलं. लागलेलं होतं. ते रोजच लागलेलं असतं आणि हा गृहस्थ रोजच परत येऊन ओढून बघतो. समोरच्या ओट्यावर गुरम्माक्का ज्वारी निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर न काढता विचारलं, "लागलंय का?"

"लागलंय."

"कालपण लागलं हुतं की," गुरम्माक्का म्हणाली. "आज कुटं दौरा?"

"असंच. जरा बाहेर," विरुपाक्ष म्हणाला आणि त्यानं किक मारली. घर बंद करून आपण कुठं चाललोय आणि कधी परतणार, हे शेजाऱ्याला कधी सांगू नये, असं तो स्वतःच गावोगाव सांगत फिरायचा. त्यामुळं आपला शेजारी आज नेमका आपल्याच माहेरी, मंद्रूपला चाललाय, हे गुरम्माक्काला कळलं नाही. कळलं असतं तर तिनं भावासाठी शेंगाचटणीची पुडी दिली असती आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण ते असो.

विरुपाक्ष एका बँकेत अधिकारी होता आणि फोनवरून होणाऱ्या फसवणुकीच्या तक्रारी त्याच्या टेबलावर यायच्या. कुणाला बक्षीस लागलेलं असायचं, कुणाची वीज संध्याकाळपर्यंत तुटणार असायची, कुणाचा न पाहिलेला भाचा परदेशात अडकलेला असायचा. वर्षानुवर्षं ही रडगाणी ऐकून त्याचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. दूधवाल्याच्या समोर तो दुधात काचेची नळी बुडवून बघायचा, आणि दूधवाला बिचारा आता स्वतःच विचारायचा, "आज कितीवर आलं, साहेब?" डॉक्टरनं गोळी दिली की तो ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा, आणि दुसऱ्यानंही तीच गोळी बरोबर आहे म्हटलं, तर दोघं एकमेकांना सामील आहेत असा संशय घ्यायचा.

आणि अशा माणसानं घर घ्यावं ते कुठं, तर शेळगीकडच्या या गल्लीत. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा तुम्ही घरात असालच असं नाही. पाणी सोडणारा येडू कोपऱ्यावरची चावी फिरवतो, गल्लीत एक आरोळी देतो आणि पुढच्या गल्लीला जातो. म्हणून इथं एक रीतच पडून गेली होती. घर बंद करून जाणाऱ्यानं किल्ली गुरम्माक्काच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवायची. पाणी आलं की गुरम्माक्का ज्याचं त्याचं घर उघडायची, हौद भरायची, नळ बंद करायची आणि किल्ली पुन्हा खिळ्याला. दागिने असलेली घरं, लग्न ठरलेली घरं, भांडण चाललेली घरं, सगळ्यांच्या किल्ल्या उघड्या रस्त्यावर वाऱ्यानं किणकिणत असायच्या.

विरुपाक्षनं हे पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं दाराला नंबरचं कुलूप बसवून घेतलं. चार आकडे दाबले की दार उघडतं. किल्लीच नाही, तर ती खिळ्याला अडकवायचा प्रश्नच नाही. या युक्तीवर तो इतका खूश झाला की बायकोला त्या दिवशी पेढे आणले.

बायकोनं, शिवलीलानं, पेढे खाल्ले आणि नंबर गुरम्माक्काला सांगून टाकला.

ही गोष्ट त्याला कळली ती आज सकाळी. शिवलीला मोहोळला भावाच्या बाळाच्या बारशाला निघाली होती. पुढच्या खोलीत भिंतीलगत खोक्यांची रास लागली होती. पंधरवडाभर गल्लीतल्या बायकांना हाताशी धरून तिनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या होत्या. पुण्याच्या एका दुकानाची मागणी होती, पहिलीच मोठी मागणी, आणि संध्याकाळी टेम्पो येणार होता. माल पसंत पडला तर पुढं वर्षभराचं काम मिळणार होतं. चुलीपाशी बसून तिच्या हाताला फोड आले होते, पण चेहऱ्यावर असं तेज होतं की विरुपाक्षला तिच्याकडं बघून जरा भीतीच वाटायची. कडक भाकरी महिनाभर टिकते, प्रवासाला दमत नाही, तिचं वाकडं होतं ते फक्त पाण्याशी.

"पाणी उद्याच्याला आहे," चप्पल घालता घालता शिवलीला म्हणाली. "पण आज आलंच, तर गुरम्माक्का बघेल. तिला नंबर ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणजे?"

"म्हणजे मी सांगितला की. शेजारीण आहे, चोर आहे का ती?"

"चोर हा आधी शेजारीच असतो," विरुपाक्ष म्हणाला. हे वाक्य त्याच्या भाषणातलं होतं.

"तुम्ही पण तिचे शेजारीच आहात," असं म्हणून शिवलीला एसटी पकडायला गेली.

ती वळणापर्यंत पोचायच्या आत त्यानं नंबर बदलला. नवा नंबर बायकोला फोनवर सांगावा, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण फोनवर कुणालाही नंबर सांगायचा नसतो. संध्याकाळी समक्ष सांगू, असं त्यानं ठरवलं. मग आणखी एक काम त्यानं केलं, आणि ते मात्र सोलापूरचा कुठलाही माणूस करतो. मागच्या मोरीपाशी जाऊन, पाणी एक दिवस आधी तर आलं नाही ना, हे बघायला त्यानं हौदातली नळी काढून नळ पूर्ण सोडला. नळातून नुसती हवा आली. तेवढ्यात मंद्रूपहून फोन वाजला, "साहेब, लोकं जमलीत," आणि फोनवर बोलत बोलत तो बाहेर पडला. कोरडा नळ उघडा राहिला तरी काही वाहत नाही, त्यामुळं तो उघडा आहे हे ध्यानातही येत नाही. नळी खाली पडलेली. मोरीच्या तोंडाशी त्यानं गेल्या आठवड्यात उंदीर येऊ नयेत म्हणून फडकं कोंबलेलं. उंदरांवरही त्याचा भरवसा नव्हता.

मंद्रूपला बाजारचा दिवस होता आणि त्याच्या भाषणाला सभागृह भरलेलं होतं. पुढं पटका बांधलेले म्हातारे, मागं पिशव्या घेतलेल्या बाया, दाराशी मोबाइलवाली तरणी पोरं. विरुपाक्ष या कामात खरोखर तरबेज होता. त्यानं पडद्यावर चार शब्द दाखवले: ओळख, भीती, घाई, नंबर.

"फसवणारा आधी ओळख दाखवतो," तो म्हणाला. "मग भीती घालतो. मग घाई करतो. आणि शेवटी नंबर मागतो. या चारांतलं एक जरी दिसलं, तर फोन ठेवायचा. आता सगळ्यांनी माझ्यामागं म्हणायचं. मी माझा नंबर."

"मी माझा नंबर," सभागृह म्हणालं.

"सख्ख्या भावालाही सांगणार नाही."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा तेवढा गप्प बसला. बाकीच्यांनी म्हटलं.

इतक्यात विरुपाक्षचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यानं तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याच्या डोक्यात एक झकास कल्पना आली. वक्त्याला भर सभेत झकास कल्पना सुचणं हे बरेचदा अंगाशी येतं. त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि फोन माइकसमोर धरला. "बघा, चालून आलाय," तो हळूच म्हणाला. "आता हे लोक कसं बोलतात ते तुमच्या कानानं ऐका. हॅलो?"

"हॅलो, विरुपाक्षप्पा का?" सभागृहभर एका बाईचा आवाज घुमला. "मी गुरम्मा बोलतेय."

विरुपाक्षनं माइकवर हात ठेवला आणि पडद्यावरच्या पहिल्या शब्दाकडं बोट केलं. ओळख. लोकांनी माना डोलावल्या.

"अय्यो, तुमच्या घरात पाणी शिरलंय. दाराखालनं रस्त्यावर येतंय."

दुसरा शब्द. भीती. मागच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"लवकर करा, विरुपाक्षप्पा. शिवलीलाचं सगळं खोकी आत हायत."

तिसरा शब्द. आता पोरंही फोन खिशात घालून ऐकू लागली.

"नंबर सांगा दाराचा. जुना लागंना झालाय."

चौथा शब्द आला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. काय माणूस आहे, साहेबांनी पडद्यावर लिहिलं तसं अक्षर न् अक्षर घडलं. विरुपाक्षची छाती फुगली. इतकं बिनचूक उदाहरण त्याला उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

"तितं कोण टाळ्या वाजवायलंय?" फोनमधून विचारणा झाली.

"ते राहू द्या," विरुपाक्ष मजेत म्हणाला. "तुम्ही गुरम्मा कशावरून?"

"कशावरून म्हंजे? जन्मल्यापासनं हाय मी गुरम्मा."

"असं कुणीही म्हणेल. फक्त शेजाऱ्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांगा."

मग गुरम्माक्का सुटली. "सांगते की. तुमी कुलूप लावून कोपऱ्यापातूर जाता, अन् परत येऊन वढून बगता. दुधात ती काचंची कांडी बुडवता. परवा शिवलीला रुसली, तवा तुमीच भाकरी थापायला बसलात अन् ती तव्यावर जायच्या आत फाटली. मग मीच भाकऱ्या दिल्या, तर आधी त्याचा वास घेऊन बगितलात. आनिक सांगू?"

आता टाळ्या नव्हत्या, हशा होता, आणि विरुपाक्षचे कान तापले होते. पण माणूस असा सहजी हार मानणारा नव्हता. "मंडळी, हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते," तो घाम पुसत म्हणाला. "घरावर पाळतही ठेवतात."

तेव्हा पुढच्या रांगेतला तो मघाचा गप्प म्हातारा उठला. त्यानं पटका सारखा केला आणि सावकाश मंचाजवळ आला. "साहेब, मी सिद्रामप्पा," तो म्हणाला. "माजी धाकटी बहीण सोलापुरात दिलेली हाय. तिचं नाव गुरम्मा, अन् ह्यो आवाज तिचाच हाय. तरी तुमी म्हणता तर विचारून बगतो." त्यानं फोनकडं तोंड केलं. "गुरम्मा, मी सिद्रामप्पा. आपली ती लंगडी म्हस हुती बग, तिचं नाव काय हुतं?"

"अण्णा? तू कुटं गेलास तितं?" फोनमधली गुरम्मा चकित झाली. "अन् म्हशीला नाव कुटं हुतं? आप्पा तिला तुज्याच नावानं हाक मारायचे."

सभागृह पुन्हा हसलं. सिद्रामप्पा मात्र शांतपणे विरुपाक्षकडं वळला. "हीच हाय," तो म्हणाला. "सांगा नंबर."

विरुपाक्षला सकाळ आठवली. नळ आठवला. खाली पडलेली नळी आठवली. मोरीत कोंबलेलं फडकं आठवलं. आणि सगळ्यात शेवटी शिवलीलाचे फोड आलेले हात आठवले, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोन माइकपासून ओढून कानाला लावला. "अक्का, दार फोडा," तो घाईघाईनं म्हणाला. दार फुटलं तर बदलता येईल, पण नंबर सांगितला तर काय राहिलं, असा त्याचा अजूनही हिशोब होता.

"पहार घेऊन उबी हायत सगळी," गुरम्माक्का म्हणाली. "मीच थांबवलं. मालकाला इचारल्याबिगर दुसऱ्याचं दार फोडायचं न्हाय. अन् नंबर हाय तर फोडायचं कशाला? उद्या दार कुटलं लावणार तुमी?"

"सात," विरुपाक्ष म्हणाला. "तीन. शून्य. नऊ."

"काय? हितं पाण्याचा आवाज हाय. मोठ्यानं बोला."

"सात, तीन, शून्य, नऊ."

"सात, पाच?"

"तीन हो, तीन." बाजारच्या दिवशी मंद्रूपला रेंजही सगळ्यांत वाटली जाते. आवाज तुटायला लागला. विरुपाक्ष ओरडला, पण ऐन वेळी त्याचा घसा बसला. सिद्रामप्पानं ते बघितलं, सभागृहाकडं वळला आणि हात वर केला. "म्हणा रे सगळ्यांनी. बहिणीला ऐकू जाऊ दे."

आणि थोड्या वेळापूर्वी ज्या सभेनं 'सख्ख्या भावालाही सांगणार नाही' म्हणून शपथ घेतली होती, तीच सभा एका दमात गर्जली, "सात, तीन, शून्य, नऊ." म्हातारे गर्जले, बाया गर्जल्या, दाराबाहेर भाजी विकणारे आत डोकावून गर्जले. काय चाललंय हे ठाऊक नसताना केळीवाल्यानं पण एकदा म्हणून घेतलं. एका नंबरवर इतक्या लोकांचं एकमत विरुपाक्षनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तो नंबर नेमका त्याच्या घराचा होता.

"उगडलं," फोनमधून आवाज आला आणि फोन बंद झाला.

विजापूर रोडनं सोलापूर गाठेपर्यंत विरुपाक्षच्या डोळ्यांसमोर फक्त दोन चित्रं होती. एकात शिवलीलाच्या भाकऱ्यांचा लगदा होता. दुसऱ्यात त्याचं दार सताड उघडं होतं आणि गल्लीतला जो तो घरातून हवं ते घेऊन चालला होता. दागिन्यांची पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. तिचं कुलूपही साधंच होतं. कुठलं चित्र जास्त वाईट हे त्याला ठरवता येईना, आणि याची त्याला मनातून लाजही वाटली.

तो पोचला तर दुसरं चित्र अगदी तंतोतंत खरं होतं. दार सताड उघडं. गल्लीतला जो तो घरातून काहीतरी घेऊन चाललेला. चन्नप्पा रिक्षावाल्याच्या डोक्यावर गादी होती, त्याच्या बायकोच्या कडेवर मिक्सर होता, कोण कुठली ओळख नसलेली माणसं दोन्ही हातांत खोकी घेऊन निघाली होती. विरुपाक्षनं गाडी स्टँडवर न लावताच टाकली आणि धावला.

"तितंच थांबा, फरशीवरनं घसराल," गुरम्माक्का आतून म्हणाली. तिनं लुगडं खोचलं होतं आणि खराट्यानं पाणी मोरीकडं लोटत होती. मोरीतलं फडकं निघालं होतं.

"भाकऱ्या?" विरुपाक्षच्या तोंडून एवढंच निघालं.

"खालच्या थराची खोकी भिजली. बाकी सगळं कोरडं हाय. चन्नप्पाच्या घरी, आमच्याकडं, पलीकडच्या पिठाच्या गिरणीत, जागा मिळंल तितं ठिवलंय. भिजलेल्या जागी भरायला बाया कवाच्या बसल्यात."

विरुपाक्षनं बघितलं तर खरंच, समोरच्या ओट्यांवर, दारांत, रस्त्याच्या कडेला चुली पेटल्या होत्या. प्रत्येक चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती. कुणी त्यांना बोलावलं होतं असं दिसत नव्हतं. ज्वारीच्या पिठाचा खरपूस वास गल्लीभर भरला होता. वाटेत मनात पाहिलेल्या चोरांच्या चित्रातली ही सगळी माणसं आपलीच आहेत, हे त्याच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

"आणि पलंगाखालची," तो चाचरला, "ती एक पत्र्याची पेटी होती."

"आमच्या देव्हाऱ्याखाली हाय. त्यात काय हाय ते तुमचं तुमाला ठाऊक," गुरम्माक्का म्हणाली आणि पुन्हा खराटा हाकायला लागली.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गल्लीत प्रत्येक दारासमोर पिंपं, घागरी, बादल्या मांडलेल्या होत्या. पाणी आलं की मांडतात तशाच. पण सगळी भांडी कोरडी होती. "आज सगळ्यांचं पाणी भरून झालं नाही का?" त्यानं चन्नप्पाला विचारलं.

चन्नप्पानं गुरम्माक्काकडं बघितलं. गुरम्माक्कानं फरशीकडं बघितलं.

"झालंय की," चन्नप्पा म्हणाला.

"ही पिंपं कोरडी आहेत."

"ऊन हाय. सुकली असतील."

विरुपाक्षनं हयातभर लोकांचं खोटं पकडलं होतं, पण इतकं भिकार खोटं त्यानं ऐकलं नव्हतं. त्यानं कोपऱ्यावर जाऊन येडूला गाठलं. येडू चावीचा लांब लोखंडी दांडा खांद्यावर टाकून दुसरीकडं निघाला होता.

"तुमच्या घरात पाणी भरायलंय म्हणून गुरम्माक्का पळत आली," येडू म्हणाला. "म्हणाली, गल्लीचं पाणी बंद कर. मी म्हटलं, अक्का, आज लाइनच्या कामापायी पाळी एक दिवस आधी आलीय, वेळ थोडाय. आता बंद केलं तर परत सोडायला मिळायचं न्हाय, गल्ली पाच दिवस कोरडी राहील. तर ही सगळी उभी हुती हितं. एक माणूस न्हाय म्हणाला न्हाय, साहेब. म्हणाली, बंद कर. लाइनमधी जे पाणी राहिलं हुतं ते तुमच्याच उघड्या नळानं येत हुतं, दार उगडल्यावर गुरम्माक्कानं नळी हौदात सोडली तवा ते हौदात गेलं."

"म्हणजे मी फोन कापत होतो तेव्हा?"

"तवाच."

विरुपाक्ष पाय ओढत परत आला. त्यानं फोन कापले, टाळ्या घेतल्या, म्हशीचं नाव विचारायची वेळ आणली, आणि तेवढा सगळा वेळ ही माणसं स्वतःचं पाणी सोडून त्याच्या बंद दारासमोर उभी होती. कुणी त्याला शिवी दिली नव्हती. कुणी ते बोलूनही दाखवणार नव्हतं. माणूस असाही असतो, आणि तो आपल्या समोरच्याच ओट्यावर बसून ज्वारी निवडत असतो, याचं त्याला नवल वाटलं. मग त्यानं हौदाचं झाकण उघडलं. हौद काठोकाठ भरलेला होता. त्यानं मोटर लावली, नळी गल्लीत ओढली आणि पहिलं पिंप गुरम्माक्काचं भरलं. तिनं नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. मग एकेक करून सगळ्यांची भरली, आणि तळाशी राहिलेलं गढूळ पाणी तेवढं स्वतःला ठेवलं.

संध्याकाळी शिवलीला मोहोळहून आली तेव्हा टेम्पो भरून तयार होता. तिनं एक खोकं उघडून भाकरी हातात घेतली, निरखून बघितली. "ही माझ्या हाताची नाही," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा पातळ आहे." मग विरुपाक्षच्या तोंडून सगळी हकिगत ऐकली. ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. डोळ्याला पदर लावून हसत राहिली, आणि मग म्हणाली, "नंबर कुठला म्हणालात? सात, तीन?"

"शून्य, नऊ. पण तो आता बदलतोच मी. सगळ्या मंद्रूपला ठाऊक झालाय."

"बदलू नका," शिवलीला म्हणाली. "हा मला पाठ झालाय. आणि बदलला, तर समोर सांगायला जाल का आधी?"

जाईन, असं तो म्हणाला. पण आज बदलू, उद्या बदलू, करता करता राहून गेलं.

पुण्याहून भाकरीची दुसरी मागणी आली, त्या दिवशी दोघं कामाला बाहेर होती आणि गुरम्माक्का अक्कलकोटला दर्शनाला गेली होती. विरुपाक्ष एकटा आधी परतला. नंबर दाबून दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. घरात कुणीतरी येऊन गेलं होतं. खुर्ची खिडकीशी ओढलेली होती. पाण्याचा तांब्या धुऊन उपडा घातलेला होता. आणि पुढच्या खोलीत, जिथं भाकऱ्यांची रास असायची तिथं, ज्वारीची दोन पोती उभी होती. चोर काही ठेवून जातो, अशी तक्रार त्याच्या टेबलावर कधी आली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"साहेब, मी मंद्रूपचा सिद्रामप्पा," पलीकडून आवाज आला. "गुरम्माकडं आलो हुतो, तर तिचं घर बंद. मग म्हटलं, सोलापुरात आपल्याला नंबर ठाऊक असलेलं एक घर हाय की. तितं गेलो. जरा पडलो, पाणी पिलो. तुमच्या भाकऱ्या भिजल्या म्हणून गावानं ज्वारी धाडलीय, बारकं पोतं तुमचं. मोठं गुरम्माचं, तिला तेवढं द्या. तुमच्या भरवशावर ठिवलंय."

"तिला देतो," विरुपाक्ष म्हणाला. 'तुमच्या भरवशावर' असं अख्ख्या आयुष्यात त्याला कुणी म्हटलं नव्हतं, कारण त्यानं कुणाला तशी संधीच दिली नव्हती.

"अन् साहेब, मोरीपाशी तुमचा नळ उघडाच हुता बगा. बंद करून ठिवलाय."

फोन ठेवून विरुपाक्ष मोरीपाशी गेला. नळाच्या चावीवर त्यानं हात ठेवला, नीट बंद झालाय का ते एकदा फिरवून बघायला. मग न फिरवताच त्यानं हात काढून घेतला आणि गुरम्माक्काचं मोठं पोतं उचलायला बाहेर आला.